फ्रिजचा आदर्श सीओपी : एकक कुठे चुकते?

प्रश्न (ऐरोली) : मी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फ्रिजचा आदर्श सीओपी (आतून उचललेली उष्णता भागिले त्यासाठी केलेले काम) काढणाऱ्या माझ्या सी प्रोग्रामला फ्रीझर उणे १८ आणि खोली ३२ अंश सेल्सिअस दिले, तर उत्तर उणे ०.३६ येते. सूत्र तर पुस्तकातलेच आहे.

उत्तर : सूत्र बरोबर आहे, एकक चुकले आहे. थंड बाजूचे तापमान भागिले दोन्ही बाजूंच्या तापमानांतील फरक, हे गुणोत्तर निरपेक्ष तापमानावरच, म्हणजे केल्विनवरच उभे आहे. ही चूक चटकन सापडत नाही, कारण छेद सेल्सिअसमध्येही ५० आणि केल्विनमध्येही ५०च येतो. बिघडते ती फक्त भागाकारातील वरची संख्या. तेथे २५५.१५ केल्विन घातल्यास उत्तर ५.१० येईल. उणे चिन्हाने तुम्हाला निदान सावध तरी केले. फ्रीझरऐवजी खालच्या कप्प्याचे ४ अंश घातले असते, तर ०.१४ असे निरुपद्रवी दिसणारे उत्तर मिळून जर्नल तसेच तपासायला गेले असते.

प्रश्न (कोपरी, ठाणे) : सीओपीच्या माझ्या सी प्रोग्राममध्ये फॅरनहाइटची सोय केल्यापासून कोणतीही तापमाने दिली तरी पडद्यावर ‘आयएनएफ’ उमटते. ओळ अशी आहे : ५/९*(फॅ-३२)+२७३.१५.

उत्तर : सी भाषेत दोन पूर्णांकांच्या भागाकारातील अपूर्णांक गळून पडतो, त्यामुळे ५/९ ची किंमत शून्य होते. मग फ्रीझर असो वा खोली, दोन्ही २७३.१५ केल्विनवर येऊन बसतात, फरक शून्य होतो आणि शून्याने भागल्यामुळे अनंत, म्हणजेच ‘आयएनएफ’, हे उत्तर येते. ५.०/९.० लिहा. फॅरनहाइटमधील फरकच थेट मागवत असाल, तर त्याला ५/९ ने गुणणे पुरेसे आहे, त्यात २७३.१५ मिळवू नये. गरम बाजू थंड बाजूपेक्षा खरोखर गरम आहे का, हेही भागाकारापूर्वी तपासावे.

प्रश्न (वाशी) : सीओपी ५.१ म्हणजे ५१० टक्के कार्यक्षमता? मग ऊर्जेच्या अक्षय्यतेचे काय?

उत्तर : तिला धक्का लागत नाही. फ्रिज उष्णता निर्माण करत नाही, तो ती आतून उचलून बाहेर टाकतो. १ ज्यूल कामात ५.१ ज्यूल उचलले, तर मागच्या जाळीतून ६.१ ज्यूल बाहेर पडतात. मात्र ही कार्नोची, म्हणजे आदर्श यंत्राची, कमाल मर्यादा आहे, आणि प्रत्यक्षातले यंत्र तिच्या बरेच खाली राहते. शिवाय उष्णता वाहण्यासाठी आतली नळी फ्रीझरपेक्षा थंड आणि जाळी खोलीपेक्षा गरम असावीच लागते. त्या उणे २५ आणि ४५ अंशांवर धरल्या, तर आदर्श आकडाच सुमारे ३.५ वर उतरतो. आपल्याकडच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरांत फ्रिज भिंतीला चिकटवला जातो, तेव्हा जाळी याहूनही तापते. म्हणून प्रोग्राममध्ये खोलीचे नव्हे, तर जाळीचे आणि नळीचे तापमान मागवावे.