बारा पाहुणे येणार आहेत. स्मोअर्सचे कप आदल्या दिवशी करून ठेवले तर चालतात का? आणि मार्शमेलो कुठला घ्यावा, की घरीच बनवावा?

स्मोअर्स म्हणजे शेकोटीवर भाजलेला मार्शमेलो, चॉकलेट आणि ग्रॅहम क्रॅकर नावाचं बिस्किट; तेच थर कपात लावायचे. आदल्या दिवशी चालतात, पण वरचा मार्शमेलो सोडून. तो भाजून फ्रीजमध्ये ठेवलात की दुसऱ्या दिवशी चिवट होऊन बसतो, चमचा आत जात नाही. खालचे दोन थर खुशाल रात्री करा. ग्रॅहम क्रॅकरचा चुरा वितळलेल्या बटरमध्ये कालवून ट्रेवर ओव्हनमध्ये ३५० फॅरनहाइटला आठेक मिनिटं भाजायचा आणि मग कपात दाबायचा, सादळत नाही. त्यावर डार्क चॉकलेट आणि कढत क्रीम, दोन्ही सारख्या वजनाचं. हे तुम्हाला येतच असणार.

मार्शमेलोचं मात्र मला बोलायचंय.

चार वर्षांपूर्वी सासूबाई सांगलीहून आमच्याकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आल्या होत्या. चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा सोडणारं माणूस. फोर्थ ऑफ जुलैला बॅकयार्डात शेकोटी पेटवायचं ठरलेलं पण डासांनी फोडून काढलं, म्हणून मी तेच सगळं आत कपात लावलं. आईंना इतकं आवडलं की त्यांनी दुसरा कप मागून घेतला, वर विचारलं, "हे ताणतंय कशानं गं?" मी सांगणार की साखरेच्या पाकानं, तेवढ्यात आमची दहा वर्षांची कन्या म्हणाली, "आजी, पिगचं जिलेटिन असतं त्यात, माझ्या फ्रेंडची मम्मी म्हणून हलालवाले आणते."

आई काही बोलल्या नाहीत. उठल्या, चूळ भरली, दुसऱ्या दिवशी उपास धरला. बोलला तो नवरा, सगळ्यांसमोर, "तू पाकीट वाचलं नाहीस?"

आता पाकीट आणलं कोणी? यानं. मी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की मागे काय लिहिलंय ते बघ, आणि यानं बघितलंही होतं! जिलेटिन म्हणजे चायना ग्रासच ना, असं मनाशी ठरवून कार्टमध्ये टाकलं. चायना ग्रास समुद्रातल्या शेवाळाचं, जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांचं, इंजिनियर माणसाला एवढं कळू नये? पावती मी अजून ठेवलीय, त्याच्या कार्डचे शेवटचे चार आकडे आहेत तिच्यावर. तरी आजही नणंदेकडे विषय निघाला की "वहिनीनं आईला डुक्कर खाऊ घातलं" हेच चालतं.

आणि खाली जो ग्रॅहम क्रॅकर असतो ना, तो ज्या सिल्व्हेस्टर ग्रॅहमच्या नावाचा, तो एकोणिसाव्या शतकातला पाद्री कट्टर शाकाहारी होता. त्याच्याच बिस्किटावर हे. मी नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, मग तोही फसला, फक्त आईच नाही. याला काय बोलणार.

तर तुमच्या बारा पाहुण्यांत एक जरी शाकाहारी असेल तरी डँडीज ब्रँडसारखे व्हेगन, म्हणजे जिलेटिन नसलेले मार्शमेलो घ्या. माणशी दोन पुरतात, १९२७ च्या गर्ल स्काउट्सच्या पुस्तकातल्या स्मोअर्सच्या कृतीतही आठ जणींना सोळाच आहेत. आणि आणायला कोणालाही पाठवा, पण आधी पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. "बघितलं" यावर विश्वास ठेवायचा नाही.

हां, व्हेगनवाले भाजायला जरा हट्टी असतात, साध्यासारखे झटकन फुगून वितळत नाहीत, म्हणून काट्याला टोचून गॅसवर भाजा आणि लगेच कपावर ठेवा. काचेचे कप फ्रीजमधून काढून सरळ ब्रॉयलरखाली, म्हणजे ओव्हनच्या वरच्या आचेखाली घालू नका, तडकतात. माझा एक गेलाय, आणि तो मात्र मीच घातला होता.

घरी मार्शमेलो बनवायचं विचारलंत, ते मी कधी केलेलं नाही.