परवान्याआधी स्टिल घडवायला टाकली, आता काय?

प्रश्न : करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. गुळापासून रम काढून विकायची आहे. तयार ५०० लिटरची तांब्याची स्टिल (दारू गाळायचं यंत्र) परवडेना, म्हणून उद्यमनगरात घडवायला टाकली. निम्मे पैसे दिलेत. परवान्याचा अर्ज अजून केलेला नाही. काम पुरं करून घ्यावं की तयार यंत्र घ्यावं?

उत्तर : आधी काम थांबवा. घडवायची की विकत घ्यायची, हा प्रश्न परवान्यानंतरचा.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम १२ नुसार परवान्याशिवाय दारू गाळायला तर मनाई आहेच, डिस्टिलरी उभारायलाही आहे. कलम ६५(फ) त्याच्याही अलीकडे येतं : दारू गाळण्यासाठी भांडी, साधनं जवळ बाळगली तरी गुन्हा. थेंबही गाळलेला नसला तरी. कलम १०३ मुळे अशा वस्तूचा समाधानकारक खुलासा तुम्हालाच करावा लागतो. म्हणून स्टिल गुऱ्हाळावर आणू नका, आणि ‘चाचणीपुरती दहा लिटर’ ही भाषा तर नकोच. ‘गवती चहाचं तेल काढायला घेतली’ असं सांगा, हा सल्लाही कुणीतरी देईल. तुमच्या फोनमधले रमचे मेसेज तो खुलासा एका दिवसात पाडतील.

राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षक कार्यालयात अर्जाची चौकशी करा. जागेचा नकाशा आणि यंत्राचं ड्रॉइंग तयार ठेवा; मंजूर आराखड्यात नंतर परस्पर फेरफार चालत नाही.

परवाना मिळाल्यावर घडवून घ्यायला हरकत नाही. फक्त कागद मागा : तांब्याच्या व स्टीलच्या पत्र्याचं टेस्ट सर्टिफिकेट आणि सांधे शिसेविरहित असल्याची लेखी हमी. शिशाचं डाखकाम गरम, आम्लयुक्त वाफेत झिजून शिसं दारूत उतरतं. गॅस्केट साध्या रबराचं नको, टेफ्लॉनचं हवं. भांडं ते कंडेन्सर (वाफ थंड करणारा भाग) या वाटेवर झडप नसावी. वाट तुंबली की दाब चढतो आणि पेटणारी वाफ खोलीत पसरते. वाफेसाठी बॉयलर मात्र घडवू नका. २५ लिटर किंवा त्याहून मोठा, दाबाचा बॉयलर बॉयलर कायद्याखाली येतो. तो मान्यताप्राप्त उत्पादकाकडूनच, तपासणीच्या दाखल्यासह घ्या. तयार यंत्राचा खरा फायदा म्हणजे हे कागद बहुधा सोबत येतात. त्या करारातही ‘परवाना नाकारल्यास पैसे परत’ हे कलम घाला आणि शेवटचा हप्ता चाचणी होईपर्यंत रोखा.

हिशोबात एक गोष्ट धरा : पिण्याची दारू जीएसटीबाहेर असल्याने यंत्रावर भरलेल्या कराचं इनपुट क्रेडिट (वजावट) मिळत नाही. कोटेशन करासह ताडून बघा.

दिलेल्या पैशांसाठी स्टिल घडवणाऱ्या फॅब्रिकेटरवर दावा लावायची घाई नको. बेकायदा हेतूचा करार भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ नुसार रद्दबातल ठरतो, आणि परवाना नसताना दिलेल्या ऑर्डरवर तोच मुद्दा तुम्हाला आडवा येईल. काम बंद केल्याचं तारखेसह लेखी घ्या, आणि पत्रा परत करून किंवा दुसऱ्या कामात वळवून हिशोब मिटवा.