गणपतीला दहा दिवस घर बंद ठेवून गावाला जातोय, चोरीची भीती वाटते, काय काय करून जावं?

तुम्ही लिहिलंय की कळव्यात जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहता, वॉचमन फक्त रात्रीचा आहे, आणि सात-आठ हजारांत कॅमेरा बसवला तर पुरेल का. कॅमेऱ्याचं नंतर सांगते, कारण माझ्या मते पहिला खर्च तो नाहीच. मी नेरुळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहते, लिफ्ट नाही, वॉचमन तेव्हाही नावापुरताच होता, आणि २०१६ च्या गणपतीत आमच्याकडे घरफोडी झाली. म्हणून जरा मोठं उत्तर लिहितेय, सांभाळून घ्या.

आम्ही मालवणला सासरी होतो. गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तळमजल्यावरच्या काकांचा फोन, "वहिनी, तुमच्या दाराचा कोयंडा खाली पडलाय, दार उघडं दिसतंय." मिळेल त्या गाडीने आलो. पायपुसण्यावर कोयंडा पडला होता आणि त्यात कुलूप तसंच बंद, एक ओरखडा नाही त्याच्यावर, चांगलं महागाचं कुलूप घेतलं होतं आम्ही. कोयंड्याला चार स्क्रू लटकत होते, जेमतेम अर्धा इंचाचे, आणि त्यांच्या आट्यांमध्ये दाराचा भुसा भरलेला. म्हणजे कुलूप कुणी तोडलंच नाही, कटावणी घालून कोयंडाच उपटला. आत गेले तर तांदळाचा डबा पलंगावर पालथा केलेला, पोहे, रवा सगळं जमिनीवर, देवघरातली चांदीची निरांजनं गेलेली, कपाटाचं लॉकर वाकवलेलं. माझ्या पाटल्या आणि सासूबाईंची मोहनमाळ त्यात होती. आणि समोरच्या काकूंच्या दाराला बाहेरून कडी घातलेली होती, त्यांना काही आवाज आला असता तरी बाहेर येता आलं नसतं. हे घरफोडीवाले अगदी नेहमी करतात असं पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनी सांगितलं.

तेव्हापासून मी हे धरून चालते की चोर कुलूप किती भारी आहे ते आधी बघत नाही, घरात माणूस आहे की नाही ते बघतो. आणि बाहेर लटकणारं कुलूप त्याला दुरूनच सांगतं की घरात कुणी नाही. त्यात गणपतीत अर्धी नवी मुंबई आणि ठाणं कोकणात असतं, एकेका मजल्यावर दोन-दोन घरं बंद, जिन्यात कोण चढलं कोण उतरलं कुणी विचारत नाही, हे त्यांनाही आपल्याइतकंच माहीत असतं.

म्हणून पहिलं काम सुताराचं. बाहेरून कुलूप लावूच नका, दाराच्या आत बसणारं लॉक वापरा म्हणजे बाहेर फक्त किल्लीचं भोक दिसतं. लॅच असेल तर नुसतं दार ओढून घेऊन निघू नका, तेव्हा फक्त ती तिरकी स्प्रिंगची जीभ अडकलेली असते आणि ती पत्र्याच्या पट्टीने मागे सरकते. बऱ्याच लॅचमध्ये बाहेरून किल्ली आणखी एकदा-दोनदा फिरवली की दांडा पूर्ण बाहेर येऊन चौकटीत लॉक होतो, पण निघायच्या घाईत हे कुणी करत नाही, आम्हीही करत नव्हतो. मग चौकटीकडे बघा, तो दांडा ज्या पट्टीत जातो ती पट्टी बहुतेक ठिकाणी बारक्या स्क्रूवर असते, तिथे लांब स्क्रू मारून घ्या. सेफ्टी डोअरला कोयंडा ठेवायचाच असेल तर स्क्रूवर नको, आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूने नट आवळायला सांगा. आमच्याकडे हे सगळं एका दुपारी झालं आणि खर्च कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी कमी आला. तुम्ही भाड्याने आहात म्हणून अजून एक, आधीच्या भाडेकरूंकडे, एजंटकडे किल्ल्या राहिल्यात का हे कुणालाच ठाऊक नसतं, मालकांना विचारून लॉक बदलूनच घ्या. आणि दाराला बाहेरून कडी असेल तर ती काढून टाका, शेजाऱ्यांनाही सांगा, ती कडी घरातल्या माणसाच्या काहीच उपयोगाची नसते.

दुसऱ्या मजल्याला खिडक्यांकडेही बघा. जुन्या बिल्डिंगमध्ये बाथरूमच्या खिडकीला काचेच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या हातानेही सरकवून काढता येतात, आणि बाजूलाच पाण्याचा पाइप खालपर्यंत गेलेला असतो. ग्रिल नसेल तर मालकांशी बोला.

आता माणसाचं. माझ्या मते यातच खरी सुरक्षा आहे, बाकी सगळं याच्या नंतर. आम्ही आता गावाला निघालो की एक किल्ली समोरच्या काकूंकडे असते. त्या सकाळी दारात आलेली जाहिरातीची पत्रकं, कुरिअरची चिठ्ठी काढून टाकतात, दाराच्या फटीत खोचलेला कागद चार दिवस तसाच दिसला तर ते आत कुणी नाही असं लिहून ठेवल्यासारखंच आहे. दिवेलागणीला आत जाऊन हॉलमधला दिवा लावतात, झोपायच्या आधी बंद करतात, तुळशीला पाणी घालतात, कधी स्वतःचेच दोन कपडे आमच्या गॅलरीत वाळत टाकतात. उंबऱ्यापुढे त्यांच्या दारात काढतात तशीच छोटी रांगोळी आमच्याही दारात काढतात. त्या गावाला गेल्या की हेच सगळं मी करते. असं कुणी नसेल तर टायमरवाला प्लग किंवा मोबाइलवरून चालणारा बल्ब घ्या, पण दिवा दहा दिवस अखंड लावून जाऊ नका, भर दुपारी जळणारा दिवा लगेच लक्षात येतो. पेपर बंद करा, दुधाची पिशवी बंद करा, ऑनलाइन मागवलेलं काही त्या दिवसांत येणार असेल तर पुढे ढकला, चपलांचा एखादा जोड बाहेर राहू द्या.

आणि सोसायटीच्या ग्रुपवर "आम्ही दहा दिवस नाही" असं टाकू नका. दीडशे लोकांच्या ग्रुपमध्ये कोणाचा फोन कोणाच्या हातात असतो काय सांगणार. दोन माणसांना तोंडी सांगा, वॉचमनला सांगा, बस. स्टेटस आणि रील गावाहून परत आल्यावर टाका, हे घरातल्या मुलांना मात्र नीट बसवून सांगावं लागतं, नाहीतर एसटीत बसल्या बसल्या फोटो जातात. पोलीस स्वतःच दर सुट्टीच्या आधी सांगतात की बाहेरगावी जाताना चौकीत कळवा, तर ते खरंच करा, अर्ज लिहून द्या, गस्तीवाल्यांना बंद घराची माहिती असली तर ते एखादी चक्कर मारतात.

सोनं घरात ठेवू नका. लॉकरचं भाडं वाचवायला म्हणून आम्ही ठेवलं होतं, त्याचं फार वाईट वाटतं मला अजून. बँकेच्या लॉकरबद्दल रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२२ पासून बदललाय, आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच माणसाने केलेली फसवणूक यात लॉकरमधलं गेलं तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंत असते. म्हणजे भाडं ३,००० असेल तर ३ लाखांपर्यंत. सगळं भरून येईल असं नाही, पण घरातल्या कपाटात तेवढंही नाही. आणि घराचा विमा आहे म्हणून निवांत असाल तर पॉलिसी काढून वाचा. भारत गृह रक्षा ही जी सगळ्या कंपन्या देतात ती मुळात आग, पूर, भूकंप वगैरेसाठी आहे, चोरी त्यात फक्त अशा घटनेनंतरच्या ७ दिवसांतली धरतात. साध्या घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

दागिन्यांचे फोटो आणि पावत्या मात्र आजच मोबाइलमध्ये आणि मेलमध्ये ठेवा. आठ महिन्यांनी चोर पकडले गेले, मोहनमाळ तोपर्यंत वितळवलेली होती, पण पाटल्या मुद्देमालात सापडल्या. त्या माझ्याच आहेत हे दाखवायला पावती नव्हती. लग्नाच्या अल्बममध्ये हातात चुडा आणि पाटल्या घालून अक्षता झेलतानाचा एक जवळून काढलेला फोटो होता, त्यातली नक्षी जुळली, तेव्हा कोर्टातून परत मिळाल्या.

अजून एक गोष्ट लिहिते, तुम्ही विचारली नाहीये तरी. चोरी झाली की सगळ्यात आधी बोट जातं ते घरकाम करणाऱ्या बाईंकडे. आमच्या मावशींना दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं होतं, आणि आम्ही घाबरून गेलो होतो म्हणा, पण मी "त्या तशा नाहीत" एवढं ठामपणे म्हटलं नाही. पकडले गेले ते बाहेरचे होते, मावशींचा काडीचा संबंध नव्हता. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, त्यांनी चहा करून दिला, पण पुन्हा कामाला आल्या नाहीत. तेव्हा किल्ली कोणाकडे आहे हे तुम्हाला पक्कं माहीत असू द्या, एकाच माणसाकडे असू द्या, म्हणजे उद्या भलत्याच माणसावर बालंट येणार नाही.

आता कॅमेरा. घ्या, नको म्हणत नाही, पण सुताराचं काम झाल्यावर उरलेल्या पैशांत. आपण गावाला जाताना मेन स्विच बंद करतो, मग वायफाय बंद आणि कॅमेराही बंद. फ्रिज, राउटर, कॅमेरा आणि हॉलमधल्या दिव्याचं सर्किट चालू ठेवून बाकीचे एमसीबी खाली करा, राउटरला आणि कॅमेऱ्याला छोटा यूपीएस लावला तर लाइट गेली तरी थोडा वेळ निभतं. रेकॉर्डिंग नुसतं मेमरी कार्डवर असेल तर चोर कॅमेऱ्यासकट कार्ड घेऊन जातो, क्लाउडवर जाईल असं बघा. आणि रात्री दोनला मोबाइलवर अलर्ट आला तर तुम्ही असणार गावाला, तेव्हा पळत जिना चढणारं कोण आहे ते आधी ठरवा. पोलिसांच्या मदतीचा ११२ नंबर आहेच, पण तुमचं गाव राज्याबाहेर असेल तर तिथून लावलेला ११२ तिथल्या कंट्रोलला लागतो, म्हणून कळव्याच्या पोलीस स्टेशनचा लँडलाइन नंबर सेव्ह करून ठेवा.

देव करो आणि वेळ न येवो, पण परत आल्यावर दार फुटलेलं दिसलं तर आत जाऊ नका. आत कोणी असू शकतं. खाली उतरून ११२ लावा आणि पोलीस येईपर्यंत कडी, कपाट, डबा कशालाच हात लावू नका, बोटांचे ठसे त्यावरच मिळतात. मी तांदूळ भरायला बसले होते, कारण घर तसं बघवत नव्हतं, आणि हवालदार मला ओरडले. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो आपला हक्क आहे, मागून घ्या.

निघताना गॅसचा कॉक आणि पाण्याचा मेन वॉल्व्ह बंद करा. आणि सुताराला आजच फोन करा, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात ते लोकही गावाला निघालेले असतात, आम्हाला त्या वर्षी दार ओढून बसवायलासुद्धा तीन दिवस कोणी मिळालं नव्हतं, रात्री दाराला टेबल लावून झोपलो होतो.