ऑफिसातल्या बारा जणांना जमलं, आता पुरे?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. घरी शुगर तपासायचं मीटर बनवतोय. ऑफिसातल्या बारा जणांनी वापरून पाहिलं, सगळ्यांना जमलं. साहेब म्हणतात एवढं पुरे, काही अडलंच तर माहितीपत्रकात लिहू. युजेबिलिटी चाचणी वेगळी करावीच लागते का? किती माणसं घ्यायची?
– एक वाचक, कुपवाड

उत्तर : करावीच लागते. युजेबिलिटी चाचणी म्हणजे खरे वापरणारे मीटर न चुकता वापरू शकतात का, हे बघणं; ऑफिसातले बारा जण त्यात धरता येणार नाहीत. रक्ताचा थेंब घेणारी पट्टी मीटरमध्ये कोणत्या बाजूने आत जाते, हे त्यांना आधीच पाठ आहे.

मीटर वापरणार कोण? मिरजेत स्टाफ नर्स होते तेव्हापासून मी ही माणसं बघतेय. साठी ओलांडलेली, नंबर वाढला तरी जुनाच चष्मा लावणारी, डायबेटीसमुळे बोटांच्या टोकांची जाणीव कमी झालेली. डबीतून एकच पट्टी काढताना त्यांचे हात बघा. तीन-चार एकदम बाहेर येतात, बाकीच्या ओल्या बोटांनीच आत ढकलल्या जातात, झाकण अर्धवट बसतं. पट्टीला दमट हवा लागली की आकडा चुकू शकतो, आणि मीटर ते ओळखेलच असं नाही. हे तुमच्या ऑफिसात कधीच दिसणार नाही.

तासगाव भागात अशाच एका चाचणीत आम्ही डमी मीटरच्या पडद्यावर ‘एल-ओ’ (इंग्रजी ‘लो’, म्हणजे कमी) ही अक्षरं आणली. बऱ्याच मीटरमध्ये साखर २०च्या खाली गेली की ती येतात, म्हणजे जिवाशी खेळ. मावशींनी मीटर लांब धरलं, जवळ आणलं आणि म्हणाल्या, “सेल संपला वाटतं. पोरगा आला की बदलंल.” मीटर फडताळात गेलं. मावशींचं काहीही चुकलं नव्हतं. तो पडदा त्यांच्याशी बोललाच नव्हता.

आपल्या भागात द्राक्षांचंही बघायला हवं. द्राक्ष हाताळून हात न धुता बोट टोचलं, तर साखर खोटीच चढलेली दिसते. स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनही बोटावरची फळाची साखर खात्रीने जात नाही, पाण्यानेच हात धुवावे लागतात. हंगामात बागेतून किंवा बेदाण्याच्या शेडवरून घरी आलेला माणूस आधी हात धुतो की थेट मीटर उघडतो, हे तुमच्या चाचणीत दिसलंच पाहिजे. त्या खोट्या आकड्यावर कुणी इन्सुलिन वाढवून घेतलं तर काय होईल, ते साहेबांना विचारा.

चाचणी घेताना “आता हे बटण दाबा” असं म्हणायचं नाही. “सकाळी उठलात, घाम फुटलाय, हातपाय थरथरताहेत. शुगर बघा आणि पुढं काय कराल ते सांगा,” एवढं सांगून गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. मीटर बनवणारा इंजिनिअर समोर असला की त्याचा हात आपोआप पुढे जातो, म्हणून त्याला शेजारच्या खोलीत बसवा. माणूस कुठे अडखळला, काय उलटं धरलं, चुकता चुकता कुठे सावरला, सगळं टिपून ठेवा. शेवटी “सोपं होतं ना?” हा प्रश्न नको. आपली माणसं पाहुण्याचं मन मोडत नाहीत, “छान आहे की!” म्हणून मोकळी होतात. “तिथं तुम्ही थांबलात, तेव्हा मनात काय आलं?” असं विचारा.

आता आकडे. सुरुवातीला पाच ते आठ जणांची फेरी घ्या, दोष काढा, पुन्हा फेरी घ्या. शेवटच्या चाचणीसाठी अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१६च्या मार्गदर्शनात प्रत्येक वेगळ्या गटातून किमान १५ माणसं सांगितली आहेत. स्वतः तपासणारा रुग्ण हा एक गट, सासूची शुगर बघणारी सून हा दुसरा. मीटरसाठीच्या आयएसओ १५१९७ : २०१३ या आंतरराष्ट्रीय मानकात सामान्य माणसाने स्वतः घेतलेला आकडा किती बरोबर येतो, याची किमान १०० जणांवरची तपासणी आहे. ती वेगळी; एकीच्या बदल्यात दुसरी चालत नाही. युजेबिलिटीच्या कामाची सगळी पद्धत आयईसी ६२३६६-१ या आंतरराष्ट्रीय मानकात मिळेल, २०२०च्या दुरुस्तीसह घ्या.

माहितीपत्रकाचं म्हणाल तर आयएसओ १४९७१ या उपकरणांच्या धोक्यांविषयीच्या मानकातला क्रम साहेबांपुढे ठेवा : आधी रचनेतच धोका काढायचा, ते जमलं नाही तर संरक्षणाची सोय, आणि सूचना सगळ्यात शेवटी. ‘एल-ओ’च्या जागी मराठीत ‘साखर फार कमी, लगेच गोड खा’ असं दाखवणं आणि सोबत आवाज देणं, हे पत्रकातल्या बारीक ओळीपेक्षा कितीतरी मोलाचं.

सुरुवातीच्या फेऱ्यांत कुणाचं बोट टोचू नका. रबरी बोटावर कंट्रोल सोल्युशनचा (मीटर तपासायला वापरतात त्या साखरेच्या द्रावाचा) थेंब ठेवून काम भागतं. खरं रक्त घ्यायची वेळ आली की आधी एथिक्स कमिटीची (माणसांवरच्या चाचण्या योग्य आहेत का हे बघणाऱ्या समितीची) मंजुरी. संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरात द्या आणि वाचूनही दाखवा. व्हिडिओत चेहरा घेणार असाल तर वेगळं विचारा. आणि जो माणूस रोजगार बुडवून येतो, त्याचा त्या दिवसाचा रोज त्याच्या हातात द्या, मीटर जमलं असो वा नसो.