वकिलांवर एवढा राग का? वाचकांची पत्रं आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात लिहिलं होतं की कोर्टाच्या कामाबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. पत्रं आली ती जवळजवळ सगळी वकिलांबद्दलचीच आणि बहुतेक रागाने लिहिलेली. मी २६ वर्षं जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतेय, वाचताना वाईट वाटलं, पण हे खोटं आहे असं एकाही पत्राबद्दल म्हणता येईना. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच देतेय, पाच पत्रं घेतलीत, नावं छापत नाही.

प्रश्न : आमचा जमीन वाटपाचा दावा ११ वर्षं चालू आहे. वकील साहेबांना फोन केला की "तारीख पडलीय, तुम्ही यायची गरज नाही, मी बघतो" एवढंच. परवा पुतण्याने मोबाईलवर बघितलं तर दावा ८ महिन्यांपूर्वीच निकाली दाखवतोय. साहेब म्हणतात सिस्टीममध्ये चूक असेल. आजवर ६० हजार दिलेत, पावती एकाचीही नाही. गावात सगळे म्हणतात वकील वकील मिळूनच खातात. आता काय करू? (बार्शी तालुका)

उत्तर : दादा, आधी कामाचं बोलू, रागाचं नंतर. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तुमच्या केसचा १६ अंकी सीएनआर नंबर टाका, कोणत्या तारखेला काय झालं ते खाली दिसतं. आणि उद्याच कोर्टात जाऊन रोजनाम्याची (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) आणि शेवटच्या ऑर्डरची नक्कल मागा. नकलेचा अर्ज तुम्ही स्वतः करू शकता, तुम्ही पक्षकार आहात. माझा अंदाज असा की त्यात पुकारा करूनही वादी आणि त्यांचे वकील गैरहजर, सबब दावा काढून टाकला, अशा अर्थाचं काहीतरी निघेल. तसं असेल तर दावा कायमचा गेला असं समजू नका, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ खाली तो परत फाईलवर घ्या म्हणून अर्ज करता येतो, मुदत ३० दिवसांची असते आणि ती उलटून गेलीय म्हणून सोबत उशीर माफीचा अर्ज लागेल. सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या केसमध्ये म्हटलंय की वकिलाच्या चुकीची शिक्षा निष्पाप पक्षकाराला होऊ नये. पण तेवढ्यावर विसंबून राहू नका, कारण हल्ली कोर्ट पक्षकारालाही विचारतं की तू इतके महिने स्वतः चौकशी का नाही केलीस. तुम्ही केलेल्या फोनचे रेकॉर्ड, मेसेज, गुगल पेचे पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, जे असेल ते अर्जाला जोडा. आणि हे सगळं या आठवड्यात, कारण नकलेनंतर वाया गेलेल्या प्रत्येक दिवसाचं कारण द्यावं लागतं.

आता वकिलाविरुद्ध तक्रार. कोणीतरी तुम्हाला ग्राहक मंचात जा म्हणेल, तो रस्ता बंद झालाय, १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही. राहिली ती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणारी संस्था. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम ३५ खाली तिथे लेखी तक्रार करायची, सोबत शपथपत्र आणि कागद. कौन्सिलला तथ्य वाटलं तर प्रकरण तीन जणांच्या शिस्तपालन समितीकडे जातं, आणि समिती ताकीद देऊ शकते, काही काळ सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, निलंबित करू शकते किंवा नाव कायमचं काढून टाकू शकते. एक वर्षात निकाल झाला नाही तर प्रकरण दिल्लीच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं, हेही कायद्यात आहे. माझं मत विचाराल तर ग्राहक मंचाचा दरवाजा बंद केल्यावर या एका दरवाज्यावर फार मोठी जबाबदारी आलीय आणि ती आमच्या लोकांना अजून कळलेली नाही. समितीत बसणारे सगळे वकीलच, तक्रार करणाऱ्या माणसाला मुंबईची फेरी परवडत नाही, दोन तारखांना तो गेला नाही की हळूहळू सगळं थंड होतं.

मिळून खातात का? समोरच्या वकिलाबरोबर तुमचा वकील बाररूममध्ये चहा पितो म्हणून त्यांनी तुम्हाला विकलं असं होत नाही, आम्ही रोज एकमेकांसमोर उभे राहतो, बोलणं बंद करून काम करता येत नाही. पण एक गोष्ट खरी आहे आणि ती लिहिताना मला लाज वाटते. तुमच्या तालुक्यात या वकिलाविरुद्ध तक्रार लिहून देणारा दुसरा वकील तुम्हाला सहज मिळणार नाही. "आपल्यातलाच आहे, जाऊ द्या" म्हणतात. पैसे खाण्यापेक्षाही या पाठीशी घालण्यामुळे लोकांचा विश्वास जास्त गेलाय असं मला वाटतं.

चार वर्षांपूर्वी आमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात एक म्हातारे बाबा बसलेले असायचे, मांडीवर खताच्या कंपनीची प्लास्टिकची पिशवी, त्यात कागद. तारखेची चिठ्ठी दाखवून "ताई, आज आमचा पुकारा कधी" असं विचारलं म्हणून मी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, बघितला, नाव नव्हतं. आत जाऊन विचारलं तर त्यांच्या विरोधात एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे त्यांची बाजू न ऐकता निकाल, होऊन दीड वर्ष झालेलं. वकिलाने कैफियतच, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली नव्हती. आणि चिठ्ठ्या मात्र त्यांना मिळत होत्या, दर दीड-दोन महिन्यांनी नवी तारीख, वकिलाच्या कारकुनाच्या अक्षरात, प्रत्येक चिठ्ठीमागे ५०० रुपये. बाबांना ते कसं सांगावं हे मला कळेना. मी सांगितलं तेव्हा त्यांनी पिशवीतल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून बाकावर एकाखाली एक लावल्या आणि नुसते बघत बसले.

चूक माझ्याकडूनही झालीय. एकदा डायरीत तारीख चुकीची लिहिली गेली आणि माझ्या पक्षकाराच्या विरोधात "नो से"ची, म्हणजे त्यांनी म्हणणंच दिलं नाही अशी, ऑर्डर झाली. मी त्याच संध्याकाळी त्यांना ऑफिसला बोलावून सांगितलं, ऑर्डर रद्द करून घेतली आणि कोर्टाने लावलेली कॉस्ट स्वतः भरली. ते चिडले, वाट्टेल ते बोलले, पण केस माझ्याकडेच ठेवली. तुमच्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात फोन केला असता तर साधा अर्ज देऊन तेव्हाच काम झालं असतं, दादा.

प्रश्न : माझे मिस्टर दोन वर्षांपूर्वी ॲक्सिडेंटमध्ये गेले. क्लेम टाकलाय. वकील म्हणाले आत्ता फी नको, निकाल लागला की २५ टक्के द्या. तेव्हा बरं वाटलं. आता त्यांनी माझ्या पासबुकाची झेरॉक्स आणि तीन कोरे चेक सही करून घेतलेत. हे असंच असतं का? (संगमनेर)

उत्तर : ताई, असं चालतं हे खरं, पण असं करायला परवानगी नाही. आपल्याकडे वकिलाने निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून काम घ्यायला मनाई आहे, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत ते स्पष्ट लिहिलंय. अमेरिकेत चालतं म्हणून आपल्याकडेही चालतं असा अनेकांचा समज असतो. ॲक्सिडेंट क्लेम आणि भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याच्या कामात ही टक्केवारी इतकी मुरलीय की पक्षकारच विचारतात "तुमचे किती टक्के?" नवरा गेल्यावर घरात पैसा नसतो, आत्ता काही देऊ नका म्हणणारा माणूस देवासारखा वाटतो, तुम्ही विश्वास ठेवलात यात तुमची काही चूक नाही.

काय करायचं ते सांगते. बँकेत जाऊन त्या तीन चेकचे नंबर देऊन स्टॉप पेमेंट करा, अर्जाची पोच घ्या. वकिलांना साध्या भाषेत लेखी कळवा की चेक परत करा आणि आजवरच्या कामाची फी आकड्यात सांगा, मी पावती घेऊन देईन. नाही ऐकलं तर वकील बदला. आणि फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. तिथले वकील कामाचे नसतात असं लोक म्हणतात, ते सरसकट खरं नाही, माझ्या ओळखीतले दोन-तीन जण पॅनेलवरच्या केसला खाजगी केसइतकाच अभ्यास करून उभे राहतात. मिळालेला वकील लक्ष देत नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांना सांगून दुसरा मागता येतो.

प्रश्न : वकील बदलायचाय पण जुने वकील म्हणतात उरलेली फी दिल्याशिवाय फाईल आणि एनओसी देणार नाही. (पनवेल)

उत्तर : फाईल अडवता येत नाही. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा, सुप्रीम कोर्ट, सन २०००. फी राहिली असेल तर वकिलाने वसुलीचा वेगळा मार्ग धरावा, पक्षकाराचे कागद दाबून ठेवणं हे गैरवर्तन आहे. स्पीड पोस्टाने फाईल मागा, निकालाचा उल्लेख करा. एनओसी देत नसतील तर नवीन वकील कोर्टाला अर्ज देऊन परवानगीने वकीलपत्र दाखल करू शकतात. मात्र खरंच काम झालेलं असेल तर त्याचे पैसे द्या, तुमच्या पत्रात "दोन वर्षं एक रुपया दिला नाही" असंही एक वाक्य आहे, ते मी वाचलंय.

प्रश्न : वकील संपावर जातात, आमच्या तारखा फुकट. गाडीभाडं आमचं, रजा आमची. डॉक्टर संपावर गेले तर ओरड होते, यांना कोणी विचारत नाही का? (चिपळूण)

उत्तर : विचारलंय. १७ डिसेंबर २००२ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी माजी कॅप्टन हरीश उप्पल यांच्या केसमध्ये सांगितलं की वकिलांना संपाचा हक्क नाही, एक दिवसाच्या लाक्षणिक संपाचाही नाही. निषेध करायचा तर काळी फीत लावा, निवेदन द्या, पण वकीलपत्र घेतलंय तर उभं राहा. फारच अपवादात्मक परिस्थितीत, न्यायसंस्थेच्या प्रतिष्ठेचाच प्रश्न असेल तर, एक दिवसाचा अपवाद ठेवलाय. तरी "आज कामकाजापासून अलिप्त" असे ठराव होत राहतात.

तुम्ही कोकणातले आहात म्हणून हेही सांगते. कोल्हापूरला हायकोर्टाचं बेंच हवं म्हणून सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी कित्येक वर्षं आंदोलनं केली, त्यात कोर्टाच्या कामावर बहिष्कारही होता. १८ ऑगस्ट २०२५ ला तिथे सर्किट बेंच सुरू झालं, तुमचा रत्नागिरी जिल्हा त्यातच येतो आणि हायकोर्टाच्या कामासाठी मुंबईचा फेरा वाचला. मागणी पक्षकारांच्याच भल्याची होती यात शंका नाही. पण त्या काळात ज्यांच्या तारखा गेल्या, कोणाचा जामीन लांबला, कोणाची पोटगी लांबली, त्यांना आम्ही कधी जाऊन काही सांगितलं का? मी नाही सांगितलं.

आणि तारखांबद्दल, कायद्यात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त मुदती (तारीख पुढे ढकलून देणं) नाहीत आणि वकील दुसऱ्या कोर्टात बिझी आहे हे मुदतीचं कारण धरायचं नाही असंही आहे. प्रत्यक्षात खालच्या कोर्टांत देशभर चार कोटींच्या वर केसेस पडून आहेत, एका न्यायाधीशापुढे रोज ऐंशी-नव्वद मॅटर, मुदत दिली की बोर्ड हलका होतो. त्यामुळे सगळ्या तारखा वकिलानेच घेतलेल्या असतात असं नाही. कोणी घेतली ते रोजनाम्यात लिहिलेलं असतं, वाचून बघा.

प्रश्न : मी लॉच्या थर्ड इयरला आहे. घरी कोणी वकील नाही. नातेवाईक म्हणतात आता खोटं बोलायला शिकणार, गुन्हेगारांना सोडवणार. काय उत्तर देऊ? आणि ज्युनिअरशिप करताना पैसे मिळत नाहीत म्हणतात, खरं का? (पुणे)

उत्तर : पैशाचं आधी सांगते कारण त्याबद्दल कोणी मुलींना खरं सांगत नाही. सनद घ्यायला आता बार कौन्सिल ७५० रुपयांच्या वर घेऊ शकत नाही, एससी-एसटीला १२५, हे सुप्रीम कोर्टाने ३० जुलै २०२४ ला ठरवलं, आधी राज्याराज्यांत हजारो रुपये घेत होते. ज्युनिअरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये केलीय, पण ती शिफारसच आहे. बरेच सीनिअर काहीच देत नाहीत. मग पोरं वर्षभरात वेगळी बसतात, शिकणं अर्धवट, आणि गेटवर पक्षकार पकडून देणाऱ्या दलालाला हिस्सा देऊन कामं घेतात. वकिली बिघडली म्हणतात तिचं एक मूळ इथे आहे, आणि त्याला जबाबदार आम्ही सीनिअर आहोत.

नातेवाईकांना हे सांग. १९३४ मध्ये संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, त्यांच्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. लोक कर्व्यांच्या विरोधात होते, तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. केस हरले, कर्व्यांना दंड झाला. कसाबलाही खालच्या कोर्टापासून सुप्रीम कोर्टापर्यंत वकील होते, म्हणून तर ती फाशी कोणाला प्रश्न विचारता येणार नाही अशी झाली. आरोपीच्या बाजूने बोलणं वेगळं आणि कोर्टाशी खोटं बोलणं वेगळं. दुसरं केलंस तर नातेवाईक बरोबर होते असं होईल.

माझे सीनिअर कडक होते, स्टायपेंड फारसा द्यायचे नाहीत, त्याची तक्रार मला आजही आहे. पण रोज संध्याकाळी कोर्टातून आलं की ते मला पोस्टकार्डं लिहायला बसवायचे, ५० पैशाचं पिवळं कार्ड, त्या दिवशी बोर्डावर असलेल्या प्रत्येक पक्षकाराला एक. आज काय काम झालं, पुढची तारीख कोणती, यायची गरज आहे की नाही, किती पैसे मिळाले. तारीख फुकट गेली तर तेही लिहायचं, "समोरच्यांनी मुदत मागितली" किंवा "मी दुसऱ्या कोर्टात होतो." मला तेव्हा ते कारकुनी काम वाटायचं. सीनिअर गेल्यावर बऱ्याच वर्षांनी एक बाई आल्या, त्यांच्या सासऱ्यांचा दावा होता, हुकूमनामा झालेला पण अंमलबजावणी राहिलेली, आमच्याकडची फाईल पावसात भिजून गेलेली. त्यांनी पिशवीतून सुतळीने बांधलेला कार्डांचा गठ्ठा काढला, वरची बरीचशी माझ्याच अक्षरातली. ती टेबलावर तारखेप्रमाणे लावून मी सगळ्या दाव्याचा तक्ता केला, त्यावरून नकला मागवल्या आणि मुदतीच्या आत दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल केली. कोर्टाचा बेलिफ मागच्या महिन्यात ताबा द्यायला जाऊन आला.