‘व्हिसा नाकारला तर?’

नोकरीचं पत्र हातात आहे, व्हिसाचा अर्ज भरायचा आहे आणि झोप उडाली आहे, अशी माणसं माझ्याकडे सतत येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच: नाकारला तर? मृणालचाही (नाव बदललं आहे) तोच होता. तिला ब्रिटनमध्ये इंजिनिअरची नोकरी लागली होती. स्किल्ड वर्कर व्हिसाचे नियम तोंडपाठ होते, तरी रात्री-अपरात्री उठून ती बँकेचं अ‍ॅप उघडायची.

“खात्यात किती लागतात?” मी विचारलं.

“१,२७० पौंड, सलग २८ दिवस. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.”

“आणि पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी कंपनीनंच सीओएसमध्ये, म्हणजे स्पॉन्सरशिपच्या सर्टिफिकेटमध्ये, दिली असेल तर?”

तिनं मोबाइलवर ते सर्टिफिकेट उघडलं. हमी दिलेली होती. शिलकीचा पुरावा लागणारच नव्हता! भीतीपोटी कागद नुसते चाळले जातात. म्हणून मी प्रत्येकाला एकेक कागद मोठ्यानं वाचायला लावते. नाव पासपोर्टवर आणि सीओएसवर अक्षरन् अक्षर सारखं आहे का? सीओएस मिळाल्यापासून ३ महिन्यांत अर्ज होतोय ना? टीबी तपासणीचा दाखला ६ महिनेच चालतो, तो फार आधी काढून ठेवलेला नाही ना? इंग्रजीची परीक्षा आयईएलटीएसची असेल, तर ती ‘यूकेव्हीआय’साठीचीच (म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा विभागासाठीची) दिली आहे ना? साधी दिली तर गुण कितीही चांगले असोत, चालत नाही.

एवढं होऊनही तिचा प्रश्न तसाच होता. मग एका भेटीत मी म्हटलं, “समजा, नाकारला. पत्र आलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी काय कराल?”

ती चिडली. “असं अभद्र कशाला बोलता?”

मी गप्प राहिले. थोड्या वेळानं तीच बोलू लागली. “कारण वाचेन. त्यांची चूक असेल तर २८ दिवसांत फेरतपासणी मागेन. कागद कमी पडला असेल तर नव्यानं अर्ज. सीओएस एकदाच वापरता येतं, म्हणजे कंपनीकडून दुसरं घ्यावं लागेल. अर्जाची फी जाईल, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी भरलेला आरोग्य अधिभार परत मिळेल.” आणि मग आवाज बदलला. “बाबांना सांगावं लागेल. त्यांनी सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलंय.”

ती बराच वेळ रडली. इतके दिवस आम्ही व्हिसा अधिकाऱ्याबद्दल बोलत होतो आणि तिला धास्ती होती ती बाबांचा चेहरा उतरण्याची. चिंतेला ‘होईल गं सगळं नीट’ म्हणून थोपटू नये, तिला शेवटपर्यंत बोलू द्यावं, ही माझी पहिल्यापासूनची धारणा. शेवटी काय आहे ते कळलं की माणूस स्वतःच वाट काढतो. मृणाल त्याच संध्याकाळी बाबांशी बोलली. त्यांनी एवढंच विचारलं, “कंपनी दुसरं सर्टिफिकेट देईल का, विचारून ठेवलंस?”

घरच्यांनाही माझं हेच सांगणं असतं: धीर द्यायचा तर असा द्या. आणि अर्जदारांनो, राजीनामा निर्णय हातात आल्यावरच द्या. ब्रिटनबाहेरून केलेल्या अर्जाचा निकाल ओळख पडताळणीनंतर साधारण ३ आठवड्यांत येतो. नोटीस पिरियड मोठा असेल तर रुजू होण्याची तारीख त्या हिशेबानं पुढची मागा, तीही कंपनीनं सीओएस काढण्याआधी.