सर्व्हरमध्ये १६ जीबीच्या आणखी दोन रॅम लावल्या, तरी ३२ जीबीच दिसते. जागा बदलली की स्क्रीन काळी. काय चुकतंय?

तुम्ही दिलेली माहिती अशी: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, ऑफिसात सेकंडहँड घेतलेला डेल टी४३०, प्रोसेसर एकच (झिऑन ई५-२६२० व्ही४), आधीच्या दोन स्टिक (रॅमच्या पट्ट्या) ए१ आणि ए२ स्लॉटमध्ये. नव्या दोन आधी बी१-बी२ मध्ये लावल्या, मग ए३-ए४ मध्ये. हे दोन वेगळे घोळ आहेत, त्यामुळे वेगवेगळेच बघू.

पहिला सोपा आहे. या मशीनच्या १२ स्लॉटपैकी ए१ ते ए८ पहिल्या प्रोसेसरचे आणि बी१ ते बी४ दुसऱ्याचे. मेमरी कंट्रोलर (रॅमशी बोलणारा भाग) प्रोसेसरच्या आतच असतो, म्हणून दुसरा प्रोसेसर नसेल तर बी चे चारही स्लॉट मेलेले. त्यांचे लॅच (स्लॉटच्या टोकांच्या कड्या) ए१-ए४ सारखेच पांढरे दिसतात म्हणून फसायला होतं. चार स्टिकची जागा ए१, ए२, ए३, ए४ हीच. प्रोसेसर ते मेमरीच्या चारही वाटांवर (चॅनल) एकेक येते आणि वेगही पूर्ण मिळतो. काळ्या लॅचचे ए५ ते ए८ सध्या रिकामेच राहू द्या.

म्हणजे दुसऱ्या वेळी जागा बरोबर होती. तरी स्क्रीन काळी राहिली, तर माझा पहिला संशय स्टिकच्या जातीवर. डीडीआर४ (या सर्व्हरच्या पिढीची रॅम) मध्ये सर्व्हरची रजिस्टर्ड (सिग्नल सांभाळणारी जादा चिप असलेली) आणि डेस्कटॉपची साधी, दोन्ही २८८ पिनच्या, खाचही एकाच जागी. त्यामुळे चुकीची स्टिकही मस्त बसते, फक्त चालत नाही. रजिस्टर्डसोबत दुसऱ्या जातीची मिसळली की सर्व्हर तिथेच अडतो. लेबल वाचा. पीसी४-२४००टी च्या पुढे 'आर' असेल तर रजिस्टर्ड, 'ई' असेल तर ईसीसी (चूक दुरुस्त करणारी) पण रजिस्टर नसलेली, 'यू' म्हणजे डेस्कटॉपची, 'एल' म्हणजे लोड-रिड्यूस्ड (सर्व्हरचीच, पण वेगळी जात). जुन्यांवर 'आर' असेल तर नव्यांवरही 'आर'च हवं. लेबल उडालं असेल तर चिप बघा: रजिस्टर्ड स्टिकच्या मधोमध बाकीच्यांपेक्षा वेगळ्या आकाराची एक चिप असते. दुकानदार "सर्व्हरलाही चालते" म्हणाला, एवढ्यावर जाऊ नका. वेगासाठी मात्र जादा पैसे घालू नका, हा प्रोसेसर मेमरी २१३३ (लेबलवरचा वेगाचा आकडा) च्या वर चालवतच नाही. २४०० ची घातली तरी २१३३ वरच धावेल.

जात बरोबर निघाली तर दुसरा संशय घाईवर. मेमरी बदलल्यावर पहिल्या स्टार्टला सर्व्हर प्रत्येक स्टिक तपासून जुळवून घेतो. त्यात काही मिनिटं स्क्रीन काळी राहते आणि पंखे बोंबलतात. डेस्कटॉपच्या सवयीने अर्ध्या मिनिटात बटण दाबून बंद केलं की पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटं हात लावू नका. मग मेमरी बदलल्याचा संदेश आला तर एफ१ दाबून पुढे जा.

बसवताना: बॅकअप घ्या, विंडोजमधून नीट शटडाउन करा, पॉवर सप्लाय दोन असतील तर दोन्ही केबल काढा. मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा, उरलेला करंट निघून जातो. आतलं प्लास्टिकचं हवेचं झाकण उचला. स्लॉटचे दोन्ही लॅच बाहेर पाडा, स्टिक कडांना धरा, खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने सरळ खाली दाबा. लॅच आपोआप 'टक्' करून वर आले पाहिजेत. बोटाने ओढून लॅच लावावा लागला, तर स्टिक बसलेलीच नाही. हवेचं झाकण परत लावायला विसरू नका. त्याशिवाय वारा स्टिक आणि हीटसिंकवरून जातच नाही, आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये त्याचा हिशेब लगेच द्यावा लागतो.

उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत स्टॅटिक (अंगावर साठणारी वीज) ही जास्त. टेरीकॉटचा शर्ट घालून, गालिच्यावर उभं राहून हे काम नको. मनगटाचा अँटिस्टॅटिक पट्टा कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला अडकवा.

टॉवेलच्या कारखान्यात मुख्य शत्रू मात्र तंतू. रिकाम्या स्लॉटच्या फटीत ते बसतात आणि वरून नवी स्टिक दाबली की काही पिनांना संपर्कच मिळत नाही. टॉर्च मारून बघा, मऊ ब्रशने काढा, मग ब्लोअर. लूमच्या कंप्रेसरची नळी अजिबात नको, तिच्यातून पाणी आणि तेलाचे थेंब येतात. सोनेरी पट्टीवर खोडरबर घासायची आपल्याकडची सवयही सोडा. त्याचा भुगा स्लॉटमध्ये जातो आणि मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारं कापड पुरे.

तरीही स्टिक दिसत नसेल तर ती ए१ मध्ये एकटी लावून बघा. दोष स्टिकसोबत फिरला तर स्टिक खराब. एकाच स्लॉटला चिकटून राहिला तर स्लॉट, किंवा प्रोसेसरखाली वाकलेली पिन. ६४ जीबी दिसतात पण वापरता ३२ च येतात, असं झालं तर बायोसच्या (स्टार्टला उघडणाऱ्या सेटअपच्या) मेमरी सेटिंगमध्ये 'मिरर' मोड (निम्मी रॅम नुसती प्रत म्हणून ठेवणारा) आहे का बघा. असेल तर 'ऑप्टिमायझर' करा. सगळं जमल्यावर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री लावून ठेवा, ६४ जीबीला काही तास लागतात. एकही एरर आली तर बदलून घ्या.

आता खरा प्रश्न: ईआरपी (बिलं-हिशेबाचं सॉफ्टवेअर) हळू चालतो म्हणून रॅम वाढवताय ना? त्याखाली एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची फुकट आवृत्ती) असेल तर २०१६ पासूनच्या आवृत्त्या डेटा कॅशसाठी (डेटा रॅममध्ये हाताशी ठेवायला) १४१० एमबीच वापरतात, जुन्या तर १ जीबी. मग ६४ काय, १२८ जीबी घातली तरी बिलाचा रिपोर्ट तेवढाच वेळ घेणार. स्टँडर्ड (विकत घ्यायची आवृत्ती) असेल तर 'मॅक्स सर्व्हर मेमरी' ही मर्यादा आधी कुणी कमी करून ठेवली आहे का बघा. ६४ जीबीत विंडोजला ८-१० जीबी सोडून बाकी एसक्यूएलला द्या. जुन्या आणि नव्या स्टिकच्या लेबलांचे फोटो आणि एसक्यूएलची आवृत्ती इथे टाका, म्हणजे नेमकं सांगता येईल.